कोडाची कैफियत

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले म्हणजे सुशिक्षित मराठी माणसाला १९४२ ते १९४५ या काळात तेथे स्थानबद्ध असलेले पंडित नेहरू आणि त्यांनी त्या बंदिवासात लिहिलेला ग्रंथ आठवतो. परंतु याच नगरीत, त्या प्रसंगाच्या सुमारे चारशे वर्षे आधी, निजामशाही दरबाराच्या आश्रयाने वैद्यकाचेही ग्रंथलेखन चालत असे, आणि इराणातून आलेल्या रुस्तुम जुर्जानी नावाच्या हकिमाने पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दीत ‘जखीरा-इ-निजामशाही’ या नावाचा औषधिसंग्रह फारसीत सिद्ध केला होता, ही गोष्ट खुद्द नगरच्या रहिवाशांनाही सहसा ठाऊक नसते. त्याच शतकात अस्त्राबादेहून पित्यासमवेत लहानपणी येथे आलेला आणि याच शहरात वाढलेला मुहम्मद कासीम फेरिश्ता हा इतिहासकार म्हणून सर्वश्रुत आहे. पण १५८९ साली नगर सोडून विजापूरच्या दरबारी रुजू झालेल्या या गृहस्थाने ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ नावाचा एक वैद्यकग्रंथही लिहिला, आणि त्यात हिंदुस्थानातील वैद्यांची विद्या मुसलमान हकिमांना उलगडून सांगण्याचा उद्योग केला, हे त्याच्या तवारिखेचे दाखले देणाऱ्यांच्याही ध्यानात नसते. किल्ल्याच्या लौकिकात या दोन ग्रंथांचा वाटा असू नये, याचे मला नेहमीच थोडे वैषम्य वाटत आले आहे.

त्यांचे स्मरण येथे करण्याचे कारण असे की, अंगावर पांढरे डाग उमटविणारा जो विकार आपण कोड म्हणून ओळखतो, तो ज्या दोन शास्त्रपरंपरांनी सूक्ष्म दृष्टीने न्याहाळला होता, त्या दोन्ही परंपरा या मुलखात एकमेकींच्या शेजाराने नांदत होत्या. सुश्रुताने कुष्ठ आणि किलास, म्हणजे कोड, यांतील भेद सांगताना किलास हे केवळ त्वचेपुरतेच असते आणि त्यातून स्राव होत नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे. आणि युनानी वैद्यकानेही बरस, म्हणजे कोड, व जुजाम, म्हणजे महारोग, हे दोन रोग प्रारंभापासून स्वतंत्र मानले आहेत. महारोग आणि कोड ही दोन भिन्न प्रकरणे आहेत, असा निवाडा पंडितांच्या आणि हकिमांच्या दप्तरी अशा रीतीने केव्हाच दाखल झालेला होता. तो गावच्या चावडीपर्यंत का उतरला नाही, हा खरा प्रश्न होय, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याच जुन्या ग्रंथांकडे पुन्हा वळावे लागते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात कुष्ठाच्या प्रकरणाच्या शेवटी किलासाची चर्चा आली आहे. तेथे या रोगाची जी कारणे दिली आहेत त्यांत असत्य भाषण, कृतघ्नता, देवांची निंदा, गुरुजनांचा अवमान, पापाचरण आणि पूर्वजन्मीचे कर्म यांची गणना असून अगदी शेवटी विरुद्ध अन्नाचा उल्लेख आहे. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने अंगावर पांढरे फुटते, ही जी समजूत आजही आपल्या घराघरांतून ऐकू येते, तिचे मूळ या विरुद्धान्नाच्या विचारात आहे. परंतु त्याच ठिकाणी साध्यासाध्यतेचा जो विचार केला आहे तो मात्र सर्वस्वी निराळ्या जातीचा आहे. ज्या डागावरील केसांचा रंग बदललेला नाही, जो डाग पातळ आहे, ज्याला फार वर्षे लोटलेली नाहीत, तो बरा होऊ शकतो. ज्यावरील केसांचा रंग पालटला, जे डाग एकमेकांत मिसळून गेले आणि जे अनेक वर्षांचे जुने झाले, ते असाध्य समजावेत, असे चरकाचार्य सांगतात. वाग्भटाने यात आणखी भर घातली, की ओठ, तळहात आणि गुह्यभाग यांवर उद्भवलेले श्वित्र, म्हणजे हेच कोड, नवे असले तरी त्याच्या चिकित्सेस हात घालू नये.

या निरीक्षणाची थोरवी कळण्यास दोन हजार वर्षे जावी लागली. त्वचेला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात त्या डागाच्या जागी नाहीशा झाल्या तरी त्यांचा एक राखीव साठा केसांच्या मुळांशी, त्वचेच्या खोल भागात, शिल्लक राहतो, आणि डाग बरा होऊ लागला म्हणजे रंग परततो तो याच मुळांतून, प्रत्येक केसाभोवती एकेक ठिपका उमटत. केस पांढरा झाला याचा अर्थ तो साठाही संपला. आणि तळहात, ओठ येथे मुळात केसच नसल्यामुळे तेथे साठा असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आजचा त्वचारोगतज्ज्ञ भिंगातून डागावरील केसांचा रंग पाहून रोग्याला जे सांगतो, तेच नुसत्या डोळ्यांनी, पेशी या वस्तूची कल्पनाही नसताना, त्या प्राचीन वैद्यांनी सांगून ठेवले होते.

चरकाचार्यांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हटले पाहिजे की, एकाच प्रकरणात शेजारी शेजारी आलेल्या या दोन विधानांपैकी समाजाने जे उचलले ते चुकीचे उचलले. केसांच्या रंगाची परीक्षा करून धीर देणारे किंवा निदान खरे सांगणारे विधान वैद्यांच्या पोथीतच राहिले. आणि पापाचा, कृतघ्नतेचा, गुरुद्रोहाचा आरोप मात्र ओटीवरून ओटीवर, पाणवठ्यावरून पाणवठ्यावर पसरत गेला. याला सगळाच लोकांचा दोष म्हणता येत नाही. डागाच्या साध्यासाध्यतेचा विचार ज्याच्या अंगावर डाग आहे त्याच्याच उपयोगाचा. दोषारोप हा इतर सर्वांच्या उपयोगाचा, कारण त्यायोगे ज्यांच्या अंगावर डाग नाही त्यांना आपल्या पुण्याईचा दाखला फुकटात मिळतो.

औषधाच्या बाबतीत मात्र परंपरा इतकी कृपण नव्हती. बावची, जिला संस्कृतात बाकुची आणि सोमराजी अशी नावे आहेत, तिचे काळसर बी काष्ठौषधींच्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या विकले जात आले आहे. हे बी वाटून त्याचा लेप डागावर लावावयाचा आणि रोग्याला उन्हात बसवावयाचे, हा उपचार अडाणी वाटला तरी त्यातील ऊन हा औषधाचाच अर्धा भाग होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चरकाने तर मलपूच्या, म्हणजे ज्याला आपण काळा उंबर म्हणतो त्याच्या, रसाचे गुळासह विरेचन देऊन, अंगाला तेल लावून, रोग्याला यथाशक्ती सूर्याचा ताप घेण्यास सांगितले आहे, आणि त्यानंतर डागावर जे फोड उठतील ते काट्याने फोडावेत असेही लिहिले आहे. कृष्णपुत्र सांबाची व्याधी सूर्योपासनेने गेली, ही पुराणकथा ज्या देशात घरोघर सांगितली जात होती तेथे या चिकित्सेवर लोकांचा विश्वास बसण्यास अडचण नव्हती. आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील नगर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड या तालुक्यांत पावसाचा तुटवडा कितीही असो, उन्हाचा तुटवडा कधीच पडला नाही.

तरीही डाग वैद्याकडे जाण्याआधी झाकला जाई. मुलीच्या अंगावर असेल तर तो लांब बाह्यांच्या पोलक्याखाली जाई, कपाळावर असेल तर कुंकवाची चिरी आडवी आणि रुंद होई, आणि कधी कधी डागाच्या जागी गोंदण करून घेण्याचाही उपाय योजला जाई. सोयरीक जुळविताना मध्यस्थाला खाजगीत विचारावयाच्या प्रश्नांत ‘घराण्यात पांढरे डाग आहेत का?’ हा प्रश्न हटकून असे. आणि तो केवळ मुलीविषयी नसून तिच्या आत्या, मावश्या, आजोळ यांच्याविषयीही असल्यामुळे एका माणसाच्या हातावरील डाग साऱ्या घराण्याच्या लग्नांवर पसरे. मुलाच्या अंगावरील डागाकडे काणाडोळा होई आणि मुलीच्या अंगावरील डागाने बोलणी फिसकटत, हे सांगण्याची आवश्यकता नाही. लग्नानंतर डाग उमटला तर माहेरच्यांनी फसवणूक केली असा कज्जा उभा राही, आणि तो विकार कोणत्याही वयात प्रथमच प्रकट होऊ शकतो ही गोष्ट बैठकीतल्या पंचांना पटविणे अशक्यप्राय असे.

१८१८ साली पेशवाई बुडून नगरचा जिल्हा कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, आणि पुढे खानेसुमारीची पद्धत सुरू झाल्यावर माणसांच्या व्यंगांचीही मोजदाद होऊ लागली. वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे चार वर्ग शिरगणतीच्या फॉर्मात असत, आणि ही मोजणी १९३१ पर्यंत चालली. मोजणीदार म्हणून तैनात झालेली माणसे बहुधा पाटील, कुळकर्णी, शाळामास्तर अशी गावचीच असत, आणि त्यांना ताकीद दिलेली असे की महारोगाच्या रकान्यात केवळ अंग झडविणाऱ्या महारोगाचीच नोंद करावी, नुसत्या पांढऱ्या डागांची करू नये. ताकीद देण्याची पाळी यावी यातच सर्व आले. आणि कोड असलेली माणसे महारोग्यांच्या रकान्यात पडतात, ही कुरकुर शिरगणतीच्या अधिकाऱ्यांच्या अहवालांत येतच राहिली. सुश्रुताने जो भेद एका वाक्यात सांगितला तोच सरकारला दर दहा वर्षांनी नव्याने बजावावा लागे.

कायद्याच्या कचेरीत परिस्थिती थोडी बरी होती. हिंदू धर्मशास्त्रानुसार असाध्य महारोग झालेल्या पुरुषास वडिलोपार्जित मिळकतीत वाटा मिळत नसे. परंतु इंग्रजी अमलातील न्यायालयांनी ही अपात्रता व्रणयुक्त, उग्र स्वरूपाच्या महारोगापुरतीच मर्यादित ठेवली, आणि १९२८ च्या कायद्याने तीही रद्द झाली. १८९८ च्या महारोगी कायद्यान्वये निराधार महारोग्यांना आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारास मिळाला, तो ज्यांच्या अंगावर व्रण आहेत अशांपुरताच होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात उग्र व असाध्य महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून राहिले आणि ते २०१९ साली वगळण्यात आले. कोडाचा तर त्या कायद्यात कधीच समावेश नव्हता. थोडक्यात, कोड असलेल्या माणसाला कायद्याने कोणत्याही काळी बाहेर काढले नाही. सोयरिकीच्या बैठकीने काढले, आणि तिच्या निकालावर अपील नव्हते.

याच जिल्ह्यात, शिर्डीच्या मशिदीत, १९१० साली धुनीच्या विस्तवात भाजलेल्या साईबाबांच्या हाताला रोज तूप लावून पट्टी बांधण्याचे काम भागोजी शिंदे हा गृहस्थ करीत असे, आणि हा भागोजी प्रत्यक्ष महारोगी होता, असे दाभोळकरांच्या ‘श्री साईसच्चरिता’त नमूद आहे. पुढे कितीतरी वर्षे हा नित्यक्रम चालला. ज्या भक्तमंडळींनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी कित्येकांनी घरी परतल्यावर पांढऱ्या डागाची मुलगी सून म्हणून नाकारली असेल, असे मानण्यास माझी हरकत नाही. श्रद्धा आणि सोयरीक यांची दप्तरे आपल्याकडे नेहमीच वेगळी ठेवली जातात.

शास्त्रीय अध्ययनाची नवी घडी नगरमध्ये बसली ती १९१७ साली, जेव्हा वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी येथे आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. औषधांच्या गुणधर्मांची पद्धतशीर मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ महाराष्ट्रातील वैद्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरला. जुन्या विद्येला वर्ग, परीक्षा आणि रुग्णालय यांच्या चौकटीत बसविण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्या काळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी तो करणे हे सामान्य धाडस नव्हते. त्याआधीच, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम यांनी नगरमध्ये स्त्रियांसाठी इस्पितळ चालविले होते. तेव्हा ज्या बाईला डाग पुरुष वैद्यास दाखविण्याचा संकोच, तिलाही दार उघडे झाले होते.

बावचीच्या बियांत नेमके काय आहे, याचा छडा मात्र दक्षिणेत लागला. १९३३ साली बंगळूरचे रसायनशास्त्रज्ञ जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव यांनी या बियांतून सोरालेन हे द्रव्य वेगळे केले. पुढे दीड दशकाने कैरोत अब्देल मोनेम एल मोफ्टी यांनी नाईलच्या काठी उगवणाऱ्या अम्मी माजुस या वनस्पतीतील सोरालेन-कुलातील द्रव्य रोग्यांना देऊन, त्यांना उन्हात बसवून, रंग परत येतो असे १९४८ च्या सुमारास दाखवून दिले; आणि ही वनस्पतीही काही नवी नव्हती, तेराव्या शतकातील इब्न अल्-बैतारने कोडावरील औषध म्हणून तिची नोंद केलेली होती. चरकाच्या काळ्या उंबरातही याच कुलातील द्रव्ये आढळतात. फेरिश्त्याने ज्या दोन वैद्यकांची गाठ आपल्या ग्रंथात घालून दिली, त्यांची औषधेही रसायनशाळेत अशा रीतीने एकाच ठिकाणी येऊन मिळाली. सोरालेन रक्तात किंवा त्वचेत पोचल्यावर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते जागृत होते. ऊन नसेल तर ते निरुपयोगी, आणि ऊन अधिक झाले तर अंग भाजते, फोड उठतात. चरकाने काट्याने फोडावयास सांगितलेले फोड हेच. ट्रायमिथिलसोरालेनची गोळी घेऊन दोन तासांनी उन्हात उभे राहण्याची पद्धत आपल्या देशात दीर्घकाळ चालली, कारण तिला यंत्र लागत नव्हते. १९८४ साली लोणी येथे प्रवरेच्या काठी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहीपर्यंत या जिल्ह्यातील बहुतेक रोग्यांना मुंबई-पुण्याची वाट धरल्याशिवाय त्वचारोगतज्ज्ञाचे दर्शन दुर्लभ होते.

पण रंगपेशी मुळात मरतात का, याचा उलगडा औषधाने होत नव्हता. त्यासाठी वैद्यकाला आपला एक मोठा सिद्धान्त बदलावा लागला. १८९७ च्या प्रारंभी प्लेगच्या हाहाकारात हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध करून ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, तेव्हापासून आपल्याकडच्या सुशिक्षितांची अशी धारणा झाली की शरीरातील प्रतिकारशक्ती ही केवळ रक्षण करणारी शक्ती आहे. त्यानंतर चारच वर्षांनी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एरलिख यांनी शरीर स्वतःवर शस्त्र धरणार नाही, निसर्गाला त्याचे भय आहे, असा सिद्धान्त मांडला, आणि त्यांच्या नावाच्या दबदब्यामुळे त्याविरुद्धचे पुरावे अर्धशतक बाजूला पडून राहिले. १९५६ साली रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांत, आणि रॉइट व डोनिआक यांनी माणसांत, शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच कंठस्थ ग्रंथीवर हल्ला करते हे दाखविले, तेव्हा कोठे स्वप्रतिरोधी रोगांचे प्रकरण उघडले गेले. कोड असलेल्यांत आणि त्यांच्या नातलगांत थायरॉइडचे विकार, संधिवात, बालवयातील मधुमेह हे अधिक आढळतात, हे ध्यानी आल्यावर या डागाकडेही त्याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले.

गेल्या काही दशकांत जे चित्र स्पष्ट झाले ते असे. रंग तयार करताना रंगपेशीवर रासायनिक ताण पडतो, आणि काही माणसांत तो सोसवेनासा होऊन ती पेशी संकटाची सूचना बाहेर सोडते. ती ऐकून आलेल्या, प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशींपैकी मारक जातीच्या पेशी रंगपेशींना ओळखून मारतात, आणि मारताना इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडतात. हे द्रव्य म्हणजे जुन्या राज्यातील जासूद समजावा. तो आजूबाजूच्या सामान्य त्वचापेशींच्या वेशीवर येऊन थैली देतो; वेशीच्या आतल्या बाजूस जॅक या वर्गातील दोन कारकून ती उघडून शिक्का मारतात; स्टॅट-१ नावाचा हुजऱ्या तो हुकूम पेशीच्या अंतःपुरातील दप्तरखान्यात पोचवितो; आणि तेथून सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० या नावांची बोलावणी सुटतात, जी वाचून आणखी टी-पेशींच्या फौजा त्याच जागी चालून येतात. त्या आल्या की पुन्हा जासूद सुटतात. यात एकही कारकून बेइमान नाही. विषाणू आला असता हीच व्यवस्था प्राण वाचविते. दोष आहे तो हुकूम मागे घेणाऱ्या यंत्रणेत. टी-पेशींना आवर घालणाऱ्या नियामक पेशी येथे अपुऱ्या पडतात, आणि ज्या जनुकांत बदल झाल्याने कोडाची शक्यता वाढते त्यांपैकी पीटीपीएन-२२ व सीटीएलए-४ ही टी-पेशीतील संदेशवहनाला लगाम घालणारीच आहेत.

या शोधाने सोयरिकीच्या जुन्या प्रश्नाचेही उत्तर दिले आहे, आणि ते प्रश्नकर्त्यांच्या अपेक्षेइतके सोपे नाही. आनुवंशिकतेचा भाग आहे, हे खरे. परंतु एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्या भावंडांपैकी एकाला कोड असता दुसऱ्यालाही ते असण्याचे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास आढळले. म्हणजे ज्यांचे सर्व जनुक समान, अशांतही चारांतील तिघे सुटतात. जगात दर शंभर माणसांत अर्ध्या ते एका माणसाला हा विकार असतो, आणि तो स्पर्शाने, सहभोजनाने वा सहवासाने पसरत नाही. आणखी एक गोष्ट मध्यस्थांच्या कानावर घालण्यासारखी आहे: कोडाकडे कल असणाऱ्या काही जनुकभेदांमुळे त्वचेच्या मेलॅनोमा या घातक कर्करोगाचा धोका कमी होतो, असे आढळले आहे, कारण तेथे पहारा अधिक कडक असतो.

पूर्वजन्मीच्या पापाऐवजी बाहेरचे कारण शोधू गेले, तर ते क्वचित कपाळावरच सापडते. पिंजर-कुंकवाची जागा चिकटणाऱ्या टिकलीने घेतल्यावर नेमक्या टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग कपाळावर उठलेल्या स्त्रिया भारतातील त्वचारोगतज्ज्ञांकडे येऊ लागल्या, तेव्हा टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी ब्युटिलफिनॉल हे द्रव्य रंगपेशींना विषारी ठरते, असे निष्पन्न झाले. रबरी चपलांच्या पट्ट्यांखालीही असेच डाग उमटतात. अशा द्रव्यांचे पहिले प्रकरण १९३९ साली अमेरिकेतील कातडी कमावणाऱ्या कामगारांच्या हातमोज्यांतून उघडकीस आले होते. जी टिकली डाग झाकण्यासाठी मोठी केली जाते तीच डाग वाढविणारी निघावी, यात दैवाची चेष्टा आहे खरी.

जॅक या कारकुनाचा हात धरून ठेवणाऱ्या औषधांपैकी टोफासिटिनिब हे २०१२ साली संधिवातासाठी मान्य झाले, आणि कोडावर रक्सोलिटिनिबचे मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये. त्याच्या परीक्षणात चोवीस आठवड्यांनी चेहऱ्यावरील रंग तीन-चतुर्थांश परत आला असे रोगी सुमारे तीस टक्के होते. हात, बोटांची टोके, पावले येथे मात्र यश फारच थोडे. केसांच्या मुळांतील साठ्याची अट नव्या औषधालाही चुकलेली नाही, आणि वाग्भटाने ज्यांना हात लावू नये म्हटले तेथेच आजही वैद्यकाचा हात आखडतो. शिवाय औषध थांबविले की डाग पुष्कळदा नेमक्या पूर्वीच्याच जागी उमटतात, कारण त्या ठिकाणी काही टी-पेशी जुन्या लढाईची स्मृती बाळगून ठाण मांडून बसलेल्या असतात. त्यांना जिवंत ठेवणारा इंटरल्युकिन-१५ हा संदेश तोडता येईल काय, याचे प्रयोग चालू आहेत.

समाजाच्या बाजूने पाहता, महाराष्ट्रात या विषयाला तोंड फोडण्याचे श्रेय पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे आणि त्यांच्या ‘श्वेता’ या संस्थेला आहे. स्वतःच्या अंगावरील डागांसह जाहीर सभेत उभे राहून बोलणारी डॉक्टर ही आपल्याकडे नवी गोष्ट होती. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘नितळ’ हा चित्रपट काढला, त्यात कोड असलेली नायिका आहे आणि तिच्या लग्नाचाच प्रश्न आहे. ‘श्वेता’ने कोड असलेल्या तरुण-तरुणींचे वधूवर मेळावे भरविले, त्यांतून विवाह जमले, संसार उभे राहिले, आणि ज्यांना पंधरा-पंधरा ठिकाणांहून नकार आले होते अशांना बोलणी करावयास एक जागा मिळाली. मेळाव्याच्या कल्पनेबद्दल माझे मन मात्र पूर्ण निःशंक नाही, कारण डागवाल्यांनी डागवाल्यांशीच सोयरीक करावी हा ठराव करण्यास जुन्या पंचांचीही ना नव्हती. तरी उद्या नगर, संगमनेर, श्रीरामपूर येथे असा मेळावा भरला तर मी त्याला विरोध करणार नाही. तेथे ‘घराण्यात आहे का?’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नाही, आणि त्याऐवजी पगार, शेती आणि स्वभाव यांची चौकशी चालते.